पुनर्विकासाचा राडारोडा: कायदा आहे, पण तो अडकवायचा कुठे?

नळस्टॉपकर | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, आमची सोसायटी कोथरूडची. चाळीस वर्षं जुनी, चोवीस सदनिका, लिफ्ट नाही. आता पुनर्विकासाला निघालीय. मी सेक्रेटरी आहे, म्हणजे बाकी कोणाला वेळ नव्हता.

कार्पेट (घरात वापरायला मिळणारं क्षेत्रफळ) किती, कॉर्पस (विकसक देतो ती एकरकमी रक्कम) किती, भाडं किती महिन्यांचं, यावर सहा बैठका झाल्या. सातव्या बैठकीत मी विकसकाच्या माणसाला सहज विचारलं, पाडलेली इमारत जाते कुठे? तो म्हणाला, "काका, ते पाडकामवाला बघतो. उलट तोच आपल्याला पैसे देतो." कशाचे पैसे? सळया, खिडक्यांचे गज, सागवानी चौकटी, जीआय पाइप. आणि विटा, काँक्रीट? "ते जातं भरणीला." कुठल्या भरणीला? यावर तो हसला आणि चहा मागवला.

घरी येऊन नियम शोधले. बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियम मार्च २०१६ मध्ये आले. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टनांहून जास्त राडारोडा निघणार असेल, तर काम सुरू करण्याआधी महापालिकेकडे आराखडा देऊन मंजुरी घ्यायची. काँक्रीट, माती, पोलाद-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-गिलावा असे चार ढीग वेगळे ठेवायचे. शिवाय सरकारी आणि पालिकेच्या कंत्राटांत या राडारोड्यापासून बनवलेला माल काही प्रमाणात घेणं बंधनकारक करायचं. किती प्रमाणात? इंग्रजी मजकुरात कंसात लिहिलंय, "समजा १० ते २० टक्के". कायद्यात "समजा" हा शब्द मी पहिल्यांदाच पाहिला. गणिताच्या पुस्तकात असायचा.

१ एप्रिल २०२६ पासून यांच्या जागी नवे नियम लागू. त्यात उत्पादकाची विस्तारित जबाबदारी (म्हणजे कचरा ज्याने केला त्यानेच त्याचं पुढचं बघायचं) आहे, पण ती २०,००० चौ.मी. आणि त्यावरच्या बांधकामांना. आमच्यासारख्या गल्लीबोळातल्या सोसायट्या त्या चाळणीतून खाली पडणार.

तर प्रश्न असा. नवा कायदा मागत बसण्यापेक्षा हाताशी आहेत त्या कायद्यांतून काय काय करून घेता येईल? कोणी केलंय का?

---

सुतळीबॉम्ब | सोमवार, रात्री ११:०५

काही होणार नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये हरित लवादाने कचरा आणि सांडपाण्याच्या हलगर्जीपणासाठी महाराष्ट्र सरकारला १२,००० कोटींची भरपाई लावली. बारा हजार कोटी! तुमच्या गल्लीत काय बदललं? तुम्ही चौकटींचे पैसे घ्या आणि गप्प बसा.

---

खडी_आणि_वाळू | सोमवार, रात्री ११:३०

आधी आकडा काढू, मग भांडू.

पक्की इमारत पाडली की चौरस मीटरमागे साधारण ५०० किलो राडारोडा, हा टायफॅक या केंद्र सरकारच्या तंत्रज्ञान संस्थेचा जुना ठोकताळा. चोवीस सदनिका, जिने-पॅसेज धरून तुमचं बांधकाम १,५०० चौ.मी. धरू. म्हणजे ७५० टन. हायवात (मोठ्या डंपरमध्ये) १६-१८ टन पकडले तर चाळीस-पंचेचाळीस खेपा. पाडकाम महिन्या-दीड महिन्यात उरकतं, त्यामुळे महिन्याला ३०० टनांची मर्यादा तुम्ही आरामात ओलांडताय. "आमची छोटी सोसायटी" हे म्हणणं टिकत नाही.

दुसरं, या मालाचं पुढे काय होतं ते. काँक्रीट फोडून पुन्हा खडी करता येते. आयएस ३८३ हे खडी-वाळूचं मानक २०१६ साली सुधारलं, तेव्हापासून त्याला रीतसर परवानगी आहे: साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ या ताकदीच्या दर्जापर्यंतच्या आरसीसीत २० टक्क्यांपर्यंत, आणि पायाखालच्या लीन (कमी सिमेंटच्या) काँक्रीटमध्ये तर शंभर टक्के. मर्यादा का? जुन्या खडीला जुना गिलावा चिकटलेला असतो, तो पाणी पितो. मिक्सचं पाण्याचं गणित बिघडतं. म्हणून मी स्वतः कॉलममध्ये घालणार नाही. पण पेव्हर, कर्बस्टोन, रस्त्याखालचा थर, कंपाउंडच्या भिंतीचे ब्लॉक यांत बिनधास्त घाला. दिल्लीला बुराडीत असा प्रकल्प २००९ पासून चालू आहे.

अट एकच. माल वेगळा यायला हवा. काँक्रीट, पीओपी, थर्माकोल आणि पोटमाळ्यावरच्या गाद्या एकाच डंपरमध्ये आल्या की प्रकल्पवाला हात जोडतो. चार ढिगांचा नियम त्यासाठी आहे.

---

माजी_कनिष्ठ_अभियंता | मंगळवार, सकाळी ७:१०

एका महापालिकेत एकतीस वर्षं काढली. कुठली ते विचारू नका, पेन्शन चालू आहे.

सुतळीबॉम्ब, तुमचा राग बरोबर आहे, पण निशाणा चुकतोय. टेंडरमध्ये पुनर्वापराचा पेव्हर का येत नाही ते सांगतो. अंदाजपत्रक करताना अभियंता दरसूची, म्हणजे मंजूर दरांची सरकारी यादी, उघडतो. दरसूचीत जी बाब आहे तिचा दर लिहायचा, पुढे जायचं. जी बाब नाही तिच्यासाठी दर विश्लेषण करा, तीन कोटेशनं आणा, वरिष्ठांची मंजुरी घ्या, आणि पाच वर्षांनी लेखापरीक्षक विचारणार, "नेहमीचा माल सोडून हा का घेतला?" त्या परिच्छेदाला उत्तर देत फिरणारे निवृत्त लोक मी पाहिलेत. मग कोण करणार? मीही नाही केलं. खोटं कशाला बोलू.

म्हणजे अडतं ते दरसूचीच्या एका ओळीवर. ती ओळ आली की त्याच अभियंत्याला तोच पेव्हर घेणं सोपं पडतं, कारण आता न घेण्याचं कारण द्यावं लागतं.

औष्णिक केंद्राच्या राखेचं आठवा. १९९९ ची केंद्राची अधिसूचना. केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत मातीच्या विटा पाडायच्या तर त्यात राख मिसळा. पुढे २००३ ला १०० किलोमीटर झाले आणि बांधकाम करणाऱ्यांवरही राखेच्या विटा वापरायची सक्ती आली, २०१६ ला ३०० किलोमीटर. सुरुवातीला आम्हीही हसलो होतो. आज एकलहरे, दीपनगर, चंद्रपूर, कुठल्याही बाजूला जा, राखेच्या विटांचे कारखाने दिसतील. तिथे सक्ती राख तयार करणाऱ्यावर होती तशी ती वापरणाऱ्यावरही होती. राडारोड्याच्या नियमात वापरणाऱ्याच्या वाट्याला "समजा" आला.

---

नळस्टॉपकर | मंगळवार, सकाळी ८:०२

माकअ, हा प्रतिसाद फ्रेम करून ठेवतो. पण सामान्य माणूस दरसूचीत ओळ कशी घुसवणार?

---

माजी_कनिष्ठ_अभियंता | मंगळवार, सकाळी ८:४५

तुम्ही पुण्याचे ना? तुमच्याकडे २००६ पासून नागरिकांच्या सूचनांवरून अंदाजपत्रकात कामं घेतात. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरायचा. लोक काय लिहितात? पदपथ करा, बाक बसवा, पेव्हर बदला. म्हणजे नेमकी तीच कामं, जिथे हा माल चालतो. पुढच्या वेळी "पेव्हर बदला" याच्या पुढे लिहा, "पुनर्प्रक्रिया केलेल्या राडारोड्याचे". एका अर्जाने काही होणार नाही. एकाच प्रभागातून पंधरा आले तर उपअभियंत्याला टिपण लिहावं लागतं, आणि टिपण लिहिलं की विषय दफ्तरी येतो. दफ्तरात आलेला विषय मरत नाही, झोपतो फक्त.

आणि माहिती अधिकार वापरा, पण "किती कचरा उचलला" असलं विचारू नका, त्यावर छापील उत्तर येतं. विचारा: मागच्या आर्थिक वर्षात स्थापत्य विभागाच्या किती निविदांत पुनर्प्रक्रियायुक्त मालाची बाब होती, त्यांच्या प्रती द्या. उत्तर शून्य आलं तरी तो लेखी शून्य असतो. स्थायी समितीच्या सदस्याच्या हातात तो कागद द्या.

---

संत्रानगरी | मंगळवार, दुपारी १:२०

आमच्या नागपूरचं सांगतो भाऊ, दगडविटांचं नाही, पाण्याचं. पण गोष्ट तीच हाय.

शहराचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध होते आणि तिथून कोराडीच्या वीज केंद्राला जाते. १३० दशलक्ष लिटर रोजचं. पूर्वी हेच पाणी नाग नदीत, आणि केंद्र धरणाचं चांगलं पाणी प्यायचं. महापालिका आणि सरकारी वीजनिर्मिती कंपनी महाजनकोनं करार केला, दोघांचाही फायदा. मग जानेवारी २०१६ च्या केंद्राच्या वीज दर धोरणात कलम आलं, की सांडपाणी प्रकल्पापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रानं शुद्ध केलेलं सांडपाणीच वापरावं, आणि त्याचा खर्च दरात धरता येईल.

हे शेवटचं वाक्य वाचा परत. खर्च दरात धरता येईल! पर्यावरणाचा कायदाच नाही हा, विजेच्या दराचा आहे. पण घेणाऱ्याचा खिसा कुठे दुखते ते लिहिणाऱ्यानं वळखलं.

---

ताई_बोलतेय | मंगळवार, दुपारी ३:५०

सगळं खडी-सिमेंटचं चाललंय म्हणून माणसांबद्दल लिहिते. मी कचरावेचकांच्या संघटनेबरोबर बरीच वर्षं काम केलं आहे.

"चक्रीय अर्थव्यवस्था" हा शब्द बैठकांत ऐकला की आमच्या बायका एकमेकींकडे बघून हसतात. १९९३ साली बाबा आढावांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हा या कामाला कोणी अर्थव्यवस्था म्हणत नव्हतं. पुढे पालिकेने ओळखपत्रं मान्य केली, मग 'स्वच्छ' ही त्यांचीच सहकारी संस्था झाली, पालिकेशी करार झाला. २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या असं स्पष्ट लिहिलं गेलं. हे कलम आम्हाला कोणी दान दिलेलं नाही. पण कराराची मुदत संपत आली की दर वेळी तीच चर्चा: मोठा ठेकेदार आणू, मोठ्या गाड्या आणू. मोठी गाडी येते ती कचरा दाबून नेते. दाबलेल्या कचऱ्यातून पुठ्ठा निघत नाही, चिखल निघतो.

शिवाय एक कायदा उलट्या बाजूने ओढतोय. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेतलं तर जीएसटी घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने भरायचा. करचोरी रोखायला केलं असेल, मान्य. पण मोठ्या व्यापाऱ्याला आता नोंदणीवाल्याकडूनच माल घेणं सोयीचं वाटतं आणि वस्तीतल्या छोट्या भंगारवाल्याला भाव पाडून मिळतो. पर्यावरण खातं म्हणतं पुनर्वापर करा, कर खातं म्हणतं आधी कागद दाखवा.

अवांतर: बोहारणी आठवतात का? जुने कपडे द्या, भांडं घ्या. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा आहे, फेरीवाला समिती आहे, पण बोहारणीची नोंद कशात करायची? ती विकते की विकत घेते? अर्जात तसा रकानाच नाही.

---

सुतळीबॉम्ब | मंगळवार, सायंकाळी ६:१५

बोहारणीचा मुद्दा आवडला. माझ्या आईने बाबांची लग्नातली पँट देऊन एक पातेलं घेतलं होतं. बाबा ते पातेलं दिसलं की अजून उसासा टाकतात.

तरी माझं म्हणणं तेच. २०१८ च्या मार्चमध्ये प्लास्टिकबंदी आली. पहिल्यांदा पाच हजार दंड, मग दहा, मग पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. दुधाच्या पिशवीला पन्नास पैसे परत मिळणार होते. कोणाला मिळाले हात वर करा.

---

बार्देसकर | मंगळवार, रात्री ९:३०

हात खालीच आहे. पन्नास पैशांचं नाणं तरी शेवटचं कधी पाहिलं? आणि रिकामी पिशवी परत घेणं दुकानदाराला नको होतं, कारण त्यात त्याचा फायदा काहीच नव्हता, वर दुकानात आंबट वास. मुंबईत आरेच्या काचेच्या बाटल्या परत जायच्या, कारण रिकामी दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. परतावा खरेदीच्याच खिडकीवर होता.

आमच्या गोव्यात २०२४ मध्ये अनामत परतावा योजना अधिसूचित झाली आहे. बाटलीवर अनामत, रिकामी दिली की परत. पर्यटक बाटली समुद्रकिनाऱ्यावर टाकून गेला तरी कोणीतरी उचलेल, कारण मग ती पैसा असेल. पिशवीत आणि बाटलीत फरक रकमेचा आहे. पन्नास पैशांसाठी कोणी वाकत नाही.

---

कोकण_कन्या | बुधवार, सकाळी ६:५५

गोव्याच्या शेजारचा आमचा वेंगुर्ला विसरू नका. इवलीशी नगरपरिषद. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना कचरा घरातूनच वेगवेगळा घ्यायला सुरुवात झाली. डेपोवर लोक आता सहलीला येतात, खोटं नाही, मी पाहुण्यांना दाखवायला नेलंय. प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यात गेला. नवीन कायदा एकही केला नव्हता. अंमलबजावणी मात्र रोजची होती. मिसळलेला कचरा घेतलाच नाही की दोन दिवसांत शेजारीण शेजारणीला शिकवते.

मोठ्या शहरात हे जमेल का, मला शंका आहे. आमच्याकडे सगळे सगळ्यांना ओळखतात, तुमच्याकडे लिफ्टमध्येसुद्धा कोणी बोलत नाही.

---

वकील_नाही_पण | बुधवार, दुपारी १२:४०

मूळ धाग्यावर येऊ. नळस्टॉपकर, तुमच्या हातात पालिकेपेक्षा भक्कम हत्यार आहे आणि तुम्ही ते कार्पेटसाठी वापरून संपवताय.

सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खाली पुनर्विकासाचे निर्देश आहेत, २००९ चे आणि मग जुलै २०१९ चे सुधारित. त्यानुसार तुम्ही पीएमसी नेमली असणार (पुणेकरांसाठी खुलासा: ही पीएमसी म्हणजे प्रकल्प सल्लागार, महापालिका नव्हे). निविदेच्या अटी ती सोसायटीसाठी लिहिते, आणि शेवटी विकसन करारनामा नोंदणीकृत होतो. त्या करारात राडारोड्याचं कलम घालायला कोणी अडवलंय? २०,००० चौ.मी. ची मर्यादा कायद्याला आहे, कराराला नाही.

कलमात एवढं असावं: पाडण्याआधी आराखडा पालिकेला देऊन त्याची प्रत सोसायटीला. चार ढीग वेगळे. प्रत्येक खेपेची प्रक्रिया प्रकल्पावरची वजनकाट्याची पावती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, विकसकाने सोसायटीला दिलेल्या हमीच्या रकमेतला एक हिस्सा या पावत्या मिळेपर्यंत मोकळा करायचा नाही. हे शेवटचं नसेल तर बाकीचं कविता म्हणून छान आहे.

आधीच सांगतो, विकसक म्हणेल की पाडकामवाला मग चौकटींचे पैसे कमी देईल. देईल कमी. वाहतूक आणि प्रक्रियेचं शुल्क कोणाच्या तरी खिशातून जाणारच. आज ते ज्याच्या शेतात किंवा ओढ्यात रात्री डंपर रिकामा होतो, त्याच्या खिशातून जातंय.

---

खडी_आणि_वाळू | बुधवार, दुपारी १:१५

+१. यात एक भर घालतो. नव्या इमारतीच्या तपशीलपत्रात पण एक ओळ टाका: कंपाउंडची भिंत, पार्किंगचे पेव्हर आणि पायाखालचं लीन काँक्रीट पुनर्प्रक्रियायुक्त मालाचं. म्हणजे माल देणारेही तुम्ही, घेणारेही तुम्ही. आणि ब्लॉकच्या चाचणीचे अहवाल मागा. "ग्रीन आहे साहेब" यावर जाऊ नका.

---

नळस्टॉपकर | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:१०

काय झालं ते सांगायला आलो.

सर्वसाधारण सभेत विषय मांडला. पहिला प्रश्न: "याने पझेशन लांबणार का?" दुसरा: "याने आपल्याला किती कमी मिळणार?" पीएमसीच्या बाईंनी हिशोब करून सांगितलं, पाडकामवाल्याची रक्कम कमी होईल, प्रत्येक सदनिकेमागे काही हजारांचा फरक. मग तळमजल्यावरच्या जोश्यांनी (नाव बदललंय, स्वभाव नाही) विचारलं, तेवढ्यासाठी कशाला? मी खडी_आणि_वाळू यांचा ७५० टनांचा आणि पंचेचाळीस डंपरांचा हिशोब वाचून दाखवला. पंचेचाळीस डंपर आमच्या गल्लीत एकामागे एक उभे केले तर रांग पार मेन रोडला लागेल, हे ऐकून मात्र सभा गप्प झाली.

कलम घेतलंय. विकसकाने बरीच घासाघीस केली. वजनकाट्याच्या पावत्या मान्य झाल्या, हमीतला हिस्सा अडकवणंही मान्य झालं, पण आम्ही मागितला होता त्याच्या निम्म्यावर. पेव्हर आणि कंपाउंडची भिंत मान्य, लीन काँक्रीटला त्यांचा आरसीसी सल्लागार तयार नाही. खडीसाहेब, त्याला आयएस ३८३ चं पान पाठवलं, अजून उत्तर नाही.

माहिती अधिकाराचा अर्जही टाकलाय. तीस दिवस अजून व्हायचेत. प्रभागातल्या चार सोसायट्यांच्या सेक्रेटऱ्यांना पदपथाच्या अर्जाबद्दल बोललो, तिघे हो म्हणाले.

---

सुतळीबॉम्ब | रविवार, रात्री ९:४०

चार म्हणजे पंधरा नव्हेत. आमच्या सोसायटीचं नाव लिहा, तुमच्याच प्रभागात आहे, कमिटीला मी पटवतो.

आणि ते सागवानी दरवाजे पाडकामवाल्याला द्यायच्या आधी मला एकदा बघू द्या. गावच्या घराला दोन हवेत.